‘मागचा जिना’ लिहिणाऱ्या शोभाताई

मेलबर्नमधल्या क्लेटनला आमच्या वरच्या खोलीत राहणारी गार्गी युनिव्हर्सिटीला जाता-येता कानात एक मराठी कादंबरी ऐकत असते. ‘मागचा जिना’. सध्या तिसऱ्यांदा ऐकतेय. परवा स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, “मुग्धाताई, तू कालगुर्लीला होतीस ना? ही लेखिका तिथेच राहते म्हणे. भेटली होतीस कधी? फार रोमँटिक असेल ना ती?”

भेटले होते, म्हटलं. चार वर्षं जवळजवळ रोज भेटत होते. रोमँटिकचं उत्तर मात्र पटकन देता येईना. शोभाताईंना तो शब्द कुणी लावला असता, तर त्यांनी हातातल्या चादरीची घडी पुरी केली असती आणि मग म्हणाल्या असत्या, “कोण, मी?”

हॉस्पिटलच्या नोकरीसाठी मी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या कालगुर्ली या खाणींच्या गावी गेले ती जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात. विमानातून उतरले तेव्हा पारा बेचाळीसवर होता आणि सगळं गाव लाल मातीने माखल्यासारखं दिसत होतं. दुसऱ्या दिवशी स्क्रब्ज घ्यायला लिनन रूममध्ये गेले. हॉस्पिटलच्या मागच्या टोकाला, खिडकी नसलेली ती लांबलचक खोली. काउंटरपलीकडे निळ्या युनिफॉर्ममधल्या एक बाई चादरींच्या घड्या घालत होत्या. पन्नाशी ओलांडलेल्या, सावळ्या, बारीक, केस घट्ट मागे बांधलेले. माझ्या बॅजवरचं नाव वाचून मराठीत म्हणाल्या, “मीडियम तुला ढगळ होईल. स्मॉल ने.”

मी चकित होऊन बघत राहिले. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नसावं. “मी शोभा सरदेसाई. मिस्टर माइनमध्ये इंजिनिअर आहेत. शनिवारी जेवायला ये. तिखट चालतं ना?” एवढं बोलून त्यांनी पुढची चादर उचलली.

पुढे कळलं की त्यांचं बोलणं हे एवढंच असतं. त्यांची वाक्यं त्यांच्या घड्यांसारखी होती, आखूड आणि कडेला कड जुळलेली. हात कधी रिकामे नसायचे. आपण सोफ्यावर जॅकेट टाकलं की पाच मिनिटांत त्याची घडी झालेली असायची. त्यांचा नवरा, अजितदादा, खाणीच्या भिंती खचतायत का ते मोजण्याचं काम करायचा. तो म्हणायचा, “हिच्या शेजारी जास्त वेळ बसू नकोस, तुझीही घडी घालेल.” यावर शोभाताई हसायच्या नाहीत. हसू फक्त डोळ्यांत दिसायचं.

गावात मराठी घरं मोजकी. बहुतेक पुण्या-मुंबईचे इंजिनिअर, दोन-तीन डॉक्टर. इंजिनिअरची बायको लिननमध्ये काम करते हे काही जणींना चमत्कारिक वाटायचं. एकदा एका डॉक्टरांच्या घरी नव्याने आलेल्या एका वहिनींनी जेवताना सहज विचारलं, “शोभाताई, तुमचं माहेरचं आडनाव काय?” हा प्रश्न कशासाठी विचारतात ते आपल्याला ठाऊक असतं. शोभाताई म्हणाल्या, “शिंगारे. वडील गोदीत हमाल होते. आई धुणंभांडी करायची. सासूबाईंच्याच घरी करायची. भात वाढू का थोडा?” वहिनींनी भात घेतला. नंतर त्या बराच वेळ पाण्याचा ग्लास धरून बसल्या होत्या. घरी परतताना मी विचारलं, “एवढं सगळं सांगायची काय गरज होती?” तर म्हणाल्या, “एकदाच सांगितलं की पुन्हा कुणी विचारत नाही. वेळ वाचतो.”

त्या कादंबरीकार आहेत हे मला वर्षभर माहीत नव्हतं. ते कळलं पुण्याहून. आई व्हिडिओ कॉलवर होती आणि तिचे डोळे सुजलेले होते. मी घाबरले. तिने एक पुस्तक कॅमेऱ्यासमोर धरलं. “आमच्या भिशीतल्या सगळ्याजणी रडल्या. एका मोठ्या घरच्या मुलाचं आणि त्यांच्या मोलकरणीच्या मुलीचं प्रेम आहे. शोभा शिंगारे म्हणून कोणी आहेत. मागे लिहिलंय, ऑस्ट्रेलियात असतात.”

दुसऱ्या दिवशी मी लिनन रूममध्ये जाऊन विचारलं, “शोभाताई, ‘मागचा जिना’ कुणी लिहिलीय?”

“मी. ते उशांचे अभ्रे इकडे सरकव.”

सकाळी चहाची सुट्टी असते, तिथे तिला स्मोको म्हणतात, त्या पंधरा-पंधरा मिनिटांत त्यांनी तीन वर्षं ती कादंबरी लिहिली होती. कागद म्हणजे चादरी-टॉवेलच्या जुन्या नोंदींचे तक्ते, त्यांच्या कोऱ्या पाठी. मुंबईतल्या प्रकाशकाने छापली, वर्षभरात आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या, मग ती ऑडिओवर आली आणि घराघरांत ऐकली जाऊ लागली. लिनन रूममधल्या सुपरवायझर डेबीने कौतुकाने विचारलं होतं, पुस्तक कशाबद्दल आहे? शोभाताईंनी सांगितलं, “अबाउट स्टेअर्स.” डेबीला बरेच दिवस ते बांधकामावरचं पुस्तक वाटत होतं.

उत्तर तसं खोटं नव्हतं. कादंबरीत दादरच्या एका जुन्या इमारतीत मागच्या बाजूने लोखंडी गोल जिना आहे. कामवाल्या बायका आणि कचरा, दोन्हीची ये-जा त्याच जिन्याने. नंदा आईबरोबर त्या जिन्याने तिसऱ्या मजल्यावर येते, भांडी विसळायला मदत करते. त्या घरचा सलील तिला आपली वाचून झालेली पुस्तकं स्वयंपाकघराच्या खिडकीतून देतो. पुढे काय होतं ते कुणीही सांगेल. शेवटी दोघं रजिस्टर लग्न करून पुढच्या जिन्याने वर येतात, बेल वाजवतात. सलीलची आई दार उघडते आणि नंदाला म्हणते, “जिने चढून दमली असशील. आत ये.” आमची आई आणि तिच्या मैत्रिणी रडल्या त्या इथे.

“हे खरं घडलंय?” मी विचारलं होतं.

“अर्धं.”

“कुठलं अर्धं?”

“जिथे तुझी आई रडली नाही ते.”

वाचकांच्या पत्रांना त्या शनिवारी सकाळी उत्तरं द्यायच्या. नाशिकच्या एका तरुणाने लिहिलं, तुमचं पुस्तक वाचून आम्ही दोघांनी पळून जायचं ठरवलंय, आशीर्वाद द्या. शोभाताईंनी त्याला आशीर्वादाऐवजी यादी पाठवली. मुलीची शेवटची परीक्षा कधी आहे? तिच्या जन्माचा दाखला आणि मार्कलिस्ट तिच्याच हातात आहेत ना? राहायची खोली बघितली का? तिच्या घरातलं एक तरी माणूस पुढे फोन उचलेल का? आधी परीक्षा होऊ दे, मग बोलू. त्या मुलाचं उत्तर आलं, “तुम्ही लेखिका वाटत नाही.” हे वाक्य त्यांना इतकं आवडलं की आठवडाभर त्या येईल त्याला सांगत होत्या. मुलीने परीक्षा दिली, एवढं पुढे कळलं.

एकदा मीच विचारलं होतं, तुमचं आणि अजितदादाचं कसं जमलं? “दोघांचं काय, जमतं,” त्या म्हणाल्या. “बाकीच्यांचं जमवण्यात वय जातं.”

ते बाकीचे म्हणजे मुख्यतः अजितदादाची आई. लग्नानंतर हे दोघं त्यांच्या दादरच्या घरी गेलेच नाहीत, थेट ठाण्याला एका खोलीत राहायला गेले. सासूबाईंनी नाव टाकलं. नातीच्या बारशाला सासरे एकटे आले. नंतर केव्हातरी फोन सुरू झाले, सणावारापुरते. शोभाताईंची आई, हौसाबाई, हे दोघं ऑस्ट्रेलियाला आल्यावर दुसऱ्या वर्षी वारली. पुढे सासरेही गेले आणि ब्याऐंशी वर्षांच्या सासूबाई एकट्या उरल्या, तेव्हा त्यांना कालगुर्लीला आणायचं शोभाताईंनी ठरवलं. अजितदादा कचरत होता. त्या म्हणाल्या, “तू माइनवर असणार. घरात मी असणार. मग ठरवायचं कुणी?”

सासूबाई आल्या. गोऱ्यापान, ताठ, शब्द तोलून बोलणाऱ्या. सगळे त्यांना आईच म्हणायचे, मीही म्हणू लागले. घरात दोघींचं चांगलं चाललं होतं असं म्हणता येणार नाही, वाईटही नव्हतं. ‘आई, गोळी घेतलीत?’, ‘घेतली’, या धर्तीचं. कादंबरी आईंनी वाचली होती. शोभाताई सांगत होत्या, वाचून झाल्यावर पुस्तक टीपॉयवर ठेवून त्या म्हणाल्या, “शेवटी मला फारच चांगली केलीस. मी तशी नव्हते.”

“तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“म्हटलं, शेवट वाचकांसाठी होता.”

त्या वर्षी पर्थच्या मराठी मंडळींनी शोभाताईंचा सत्कार ठरवला. पर्थ म्हणजे गाडीने सहा-साडेसहा तास. अजितदादाला शिफ्टमुळे सुटी मिळेना, म्हणून शोभाताई, आई आणि मी अशा तिघी निघालो. शोभाताईंची मुलगी रेवा पर्थलाच युनिमध्ये होती, ती तिथे भेटली. शनिवारी दुपारी एका शाळेच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. शे-दीडशे माणसं, मागे बटाटेवडे. शोभाताईंनी अबोली रंगाची सुती साडी नेसली होती आणि खुर्चीवर बसल्या-बसल्या हातातल्या शालीची चौकोनी घडी करून मांडीवर ठेवली होती.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. एक तरुण मुलगी माईक घेऊन उभी राहिली. पुढच्या रांगेत बसलेल्या आईंकडे बघून म्हणाली, “काकू, पुस्तकातली सासू तुम्हीच का? मला त्या दाराच्या सीनसाठी तुम्हाला थँक यू म्हणायचंय. माझ्या घरी सध्या असंच चाललंय. तुमच्यासारखं कुणीतरी असतं हे वाचून मला धीर आला.”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोभाताईंनी माईक जवळ ओढला. त्या काहीतरी सांभाळून घेणारं बोलणार होत्या, हे माझ्या लक्षात आलं. तेवढ्यात आईंनी त्या मुलीपुढे हात केला, माईक दे म्हणून. रेवा त्यांच्या दंडाला धरून हळूच म्हणाली, “आजी, यू डोन्ट हॅव टू.” त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि बसूनच बोलल्या.

“सासू मीच. पण मी दार उघडलं नव्हतं. हे त्या मुलीला माहीत असलं पाहिजे, नाहीतर ती फसेल. बेल वाजली होती, मी आत होते, आणि मी दार उघडलं नाही. बाळ, तू दार उघडण्याची वाट बघू नकोस. आपलं काय ते कर.”

मग त्या मुलीने वाकून आईंना नमस्कार केला आणि संयोजकांनी घाईघाईने चहा जाहीर केला. मी शोभाताईंकडे बघितलं. त्यांच्या मांडीवरची शाल उलगडली होती आणि त्या आईंकडे टक लावून बघत होत्या. त्यांचा चेहरा दुखावलेला नव्हता. काहीतरी न जुळल्यासारखा होता.

दुसऱ्या दिवशी परत निघालो. गाडी मी चालवत होते, शोभाताई शेजारी, आई मागे. दोन्ही बाजूंना आधी गव्हाची कापलेली शेतं, मग झुडपं आणि तांबडी माती. साडेतीनच्या सुमाराला सदर्न क्रॉसच्या रोडहाऊसवर थांबलो. ट्रक ड्रायव्हर बर्गर खात बसले होते. आम्ही कोपऱ्यातल्या टेबलावर चहा घेऊन बसलो. मी उठून जाणार होते, शोभाताई म्हणाल्या, “बस गं.”

मग आईंना म्हणाल्या, “आई, काल तुम्ही बोललात त्याचा मी रात्रभर विचार केला. अजित आणि मी तर तुमच्या दारात आलोच नव्हतो. तुम्ही दार कुणाला उघडलं नाहीत?”

आईंनी कप खाली ठेवला. “मला वाटलं होतं, तुला माहीत असेल.”

“काय?”

“तुझी आई आली होती. तुमचं लग्न झाल्यावर तिसऱ्या दिवशी. दोन दिवस कामाला आली नाही, तिसऱ्या दिवशी आली, पण पुढच्या जिन्याने. चौदा वर्षांत कधी त्या बाजूने आली नव्हती. मी दाराच्या भोकातून बघितलं. हातात पेढ्यांचा पुडा होता.”

शोभाताईंनी कागदी नॅपकिनची घडी घातली.

“दोनदा बेल वाजवली तिने,” आई म्हणाल्या. “तिसऱ्यांदा नाही वाजवली. मग पायरीवर बसली. मला वाटलं जाईल, पण ती बसून राहिली. मी दाराच्या आत उभी होते. उघडलं असतं तर काय बोलायचं ते मला माहीत नव्हतं. एवढंच कारण. राग वगैरे होता, पण त्या वेळी कारण एवढंच होतं.”

“किती वेळ बसली होती?”

“पंधरा-वीस मिनिटं.”

“साडी कुठली होती?”

आईंनी डोळे मिटून आठवलं. “हिरवी. इस्त्रीची होती. काठ बारीक, पिवळा.”

“आत्याच्या लग्नातली,” शोभाताई म्हणाल्या. “मला म्हणाली होती, तुझ्या सासरी विहीण म्हणून अजून गेले नाही, बोलावतील तेव्हा जाईन. मरेपर्यंत हेच म्हणाली.”

आईंचे हात टेबलावर होते. “मी आता काय करू, शोभा?”

“काही नाही. चहा घ्या, गार होतोय.”

एवढं बोलून शोभाताई उठल्या आणि बाहेर गेल्या. काचेतून दिसत होत्या. उन्हात, पेट्रोल पंपाच्या पलीकडे, उभ्या ट्रकच्या रांगेच्या कडेने त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. शोभाताईंनी सांगितल्याप्रमाणे आईंनी चहा संपवला. दहा मिनिटांनी शोभाताई दारात येऊन म्हणाल्या, “चला. अंधाराच्या आत पोचायला हवं, नाहीतर कांगारू आडवे येतात.” डोळे पुसलेले होते, आवाज नेहमीचा. गाडीत बसताना त्यांनी आईंचा सीटबेल्ट लावून दिला. घरून निघताना तो अजितदादाने लावला होता.

पुढचे तीन-चार आठवडे शोभाताई लिनन रूममध्ये जरा जास्तच गप्प होत्या. स्मोकोला कागद काढून बसायच्या, पण लिहायच्या नाहीत. प्रकाशक दुसरा भाग मागत होता. लोकांना नंदा-सलीलच्या संसाराचं वाचायचं होतं. एक दिवस मी विचारलं, “आईंवर रागावलात का?”

“रागावले होते,” त्या म्हणाल्या. “अजून असेन थोडी. एक खरं, माझ्याकडे माझ्या आईचे तीन फोटो आहेत. त्यातले दोन अस्पष्ट. ती आमच्याकडे असायची तेव्हा दमलेली असायची, जेवायची आणि झोपायची. दिवसभराची ती कशी होती ते मला माहीतच नाही. ते बघितलं फक्त सासूबाईंनी. चौदा वर्षं, रोज चार-चार तास.” त्यांनी टॉवेलांची चळत उचलून फळीवर ठेवली. “आता जगात आईला ओळखणारं दुसरं माणूस उरलेलं नाही. मग मी यांच्याशी अबोला धरून कुणाचं नुकसान करू?”

त्या संध्याकाळपासून त्या विचारू लागल्या. हे मला अजितदादाने सांगितलं. जेवताना, भाजी निवडताना, गोळ्या देताना, एकेक प्रश्न. माझी आई काम करताना गुणगुणायची का? चहा कसा घ्यायची? तुमच्याशी कधी भांडली का? आई सांगायच्या. काही आठवायचं नाही, तेव्हा तसं सांगायच्या. आपल्याला लाज आणणारं असेल तेही सांगायच्या, म्हणजे तिचा कप वेगळा होता आणि तो खिडकीत ठेवलेला असायचा, असलं. शोभाताई ऐकून घ्यायच्या. मग लिहून ठेवायच्या. दुसऱ्या भागाचा विषय तेव्हाच बाद झाला. प्रकाशकाला त्यांनी कळवलं की नंदा-सलील सुखात आहेत, लिहिण्यासारखं काही नाही. सध्या नंदाच्या आईचं चाललंय.

माझी मेलबर्नला बदली झाली. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी प्रवासासाठी काहीबाही घ्यायला मी सुपरमार्केटमध्ये गेले, तर भाज्यांच्या रॅकपाशी त्या दोघी दिसल्या. ट्रॉली आई ढकलत होत्या, चालताना त्यांना तिचा आधार व्हायचा. शोभाताई ड्यूटीवरून तशाच आल्या होत्या, निळ्या युनिफॉर्ममध्ये. त्या फरसबीच्या शेंगा पिशवीत भरत होत्या आणि आई त्यांना थांबवत होत्या.

“अशा मुठीने नको भरूस. हौसा एक शेंग मोडून बघायची. कट् असा आवाज झाला तरच घ्यायची. भाजीवाल्याशी भांडायची त्यावरून.”

“माझी आई? ती मिळेल ती भाजी आणायची. शिळीपाकी.”

“तुमच्या घरी आणत असेल. माझ्याकडची तीच बघून घ्यायची. मला म्हणायची, बाई, तुम्हाला शेंगेतलं काही कळत नाही.”

शोभाताई थांबल्या. “असं म्हणायची तुम्हाला? तोंडावर?”

“तोंडावर.”

मी हाक मारणार होते, मारली नाही. शोभाताईंनी पिशवीतल्या सगळ्या शेंगा परत रॅकमध्ये ओतल्या. मग एक उचलली, कानाजवळ नेली आणि मोडली.